ॲनालाइझ म्हणजे विश्लेषण

म्हसावदजवळच्या एका हायस्कुलात मी इंग्रजी शिकवतो. काही वर्षांपूर्वी पुण्याहून एक तज्ज्ञ आले. तालुक्यातल्या इंग्रजी शिक्षकांना त्यांनी दिवसभर हॉलमध्ये बसवलं आणि पुढच्या शिक्षणात लागणारे जड इंग्रजी शब्द आमच्या मुलांना येत नाहीत, हे सांगितलं. ते आम्हाला ठाऊक होतं. उपाय काय, तर रोज परिपाठाला असे शब्द अर्थासकट म्हणून घ्यायचे आणि भिंतींवर रंगवायचे.

मी विचारलं, "सर, त्यांना मराठी अर्थच कळत नसेल तर?"

त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "मराठी तर मातृभाषा आहे ना त्यांची."

आपण कुठल्या जिल्ह्यात उतरलोय, याची चौकशीही या गृहस्थांनी केली नव्हती. माझ्या वर्गात निम्मी मुलं घरी अहिराणी बोलतात, उरलेली पावरी नाहीतर भिली. असलं पुस्तकी मराठी त्यांना शाळेच्या फाटकातच भेटतं. बाकीच्या शिक्षकांना हे माहीत होतं, पण ते माना खाली घालून चहाची वाट बघत होते. त्यांचीही मला कीव आली.

मुख्याध्यापकांनी पेंटर लावला. मुतारीच्या भिंतीवर 'हायपोथेसिस' आलं. पेंटरनं 'गृहीतक'चं 'गृहतक' केलं, तर मुलांनी तेच पाठ केलं.

पावसाळा सरल्यावर तज्ज्ञ पाहणीला आले. डोंगरातल्या काठी गावाकडची, होस्टेलात राहणारी एक हुशार मुलगी त्यांनी उभी केली.

"ॲनालाइझ?"

"ॲनालाइझ म्हणजे विश्लेषण करणे."

"इव्हॅल्युएट?"

"मूल्यमापन करणे."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला राहवलं नाही. मी तिला विचारलं, "विश्लेषण म्हणजे काय गं?"

तिनं जरा विचार केला. "ॲनालाइझ, सर."

वर्गात कुणी हसलं नाही. कुणाला काही चुकल्यासारखं वाटलंच नाही. तज्ज्ञ म्हणाले, "बघा, दोन्ही बाजूंनी येतंय." मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण ते खरोखरच खूश झाले होते. एवढी शिकलेली माणसं इतकी आंधळी असू शकतात, हे मी त्या दिवशी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी घमेलंभर लाल मिरची वर्गात ओतली. "हिचे वेगवेगळे ढीग करा," म्हटलं. शिंका देत मुलांनी ढीग केले. त्या मुलीनं डागी मिरची बाजूला काढली होती.

"ही का काढली?"

"सर, ही ठेवली तर सगळी खराब होईल," ती म्हणाली.

"ढीग केलेस, ते क्लासिफाय. का केलेस ते सांगितलंस, ते जस्टिफाय."

मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, इतलंच शे का?"

"इतलंच."

"मंग पहिलेच काबर नही सांगं?"

आधीच का नाही सांगितलं, हे त्यानं बरोबर विचारलं होतं; मी वाकून मिरची घमेल्यात भरायला लागलो.

मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं. "तुमची मिरची चालू द्या, पण परिपाठ बंद करू नका. फोटो पाठवावे लागतात." परिपाठ चालू राहिला. मी तेवढा वेळ व्हरांड्यात उभा राहायचो.

ती मुलगी आता शहाद्याला सायन्सला आहे. परवा भेटली तेव्हा म्हणाली, "सर, तिथं सगळं इंग्रजीतच आहे. अवघड जातं, पण प्रश्न काय मागतोय ते कळतं." मला फार बरं वाटलं.

तज्ज्ञ आता आणखी मोठ्या समितीवर गेले आहेत. शब्दसंपत्तीवर त्यांनी एक पुस्तिका काढली आहे. ती टपालानं शाळेत आली, तेव्हा मी पोचपावतीवर सही केली आणि ती कपाटात टाकली.