आमच्या घरची गवंडीण

१४ ऑक्टोबर. दिवाळीआधीची सफेदी चालू आहे. चुन्याची कळी कालच पिंपात भिजत घातली होती. आज सकाळी दोघे जण शिडी घेऊन आले. कपाट हलवल्यावर मागची भिंत उघडी पडली, तिच्यावर मी तळवा टेकवून पाहिला. खालच्या हातभर भागात ओल होती. आधी तेवढं खरवडा, वाळू द्या, मग चुना लावा, असं मी सांगितलं. दोघांतल्या वयस्काने विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? आमच्या घरी एक गवंडीण राहायची, मी म्हटलं. त्याने मान डोलावली, पण त्याला ते खरं वाटलं नसावं.

गवंडीण कुठल्याही घरात शिरली की आधी भिंतीला हात लावायची, नमस्कार मग. तळवा टेकवायची, बोटाच्या पेराने दोन-तीनदा ठोकायची, मान तिरकी करून ऐकायची आणि त्यानंतर घरातल्या माणसांकडे वळायची. पुष्कळांना हे आवडत नसे. शेजारच्या देशकरवहिनींच्या घरी पहिल्याच भेटीत तिने भिंत ठोकून "खराब" म्हणून सांगितलं, आणि वहिनींनी पुढे केलेला चिवडा वाटीभर खाऊन पुन्हा मागून घेतला. दोन्ही अगदी मनापासून.

नागपूरची राजधानी गेली आणि आमच्या यांची सचिवालयातली नोकरी भोपाळला आली, म्हणून आम्हीही आलो. टी. टी. नगरात क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण. नागपूरला स्वतःचं घर होतं, ओळखीचा दूधवाला होता, आपण कोण हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. इथे सगळेच नवे, त्यामुळे सगळेच एकमेकांना जोखत होते. कुणाचं क्वार्टर किती खोल्यांचं, कुणाच्या दारात साहेबाची गाडी थांबते, याच्या चौकशा नळावर चालत. दुसऱ्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला यांच्या साहेबांनी विचारलं, परदेशातून काही स्वयंसेवक आले आहेत, पलीकडच्या वस्तीत दवाखान्याच्या दोन खोल्या बांधणार आहेत. पुरुष तंबूत राहतील, पण एक बाई आहे, तिला घरात ठेवून घ्याल का? साहेबांना नाही कोण म्हणणार? यांनी हो म्हटलं आणि घरी येऊन मला सांगितलं.

ती नॉर्वेची. वय बत्तीस, अंगाने उंच, हात रुंद आणि खरबरीत. लग्न केलेलं नव्हतं. कॅनव्हासच्या पिशवीत चार कपडे आणि लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली एक थापी, एवढंच सामान. थापी बापाची, असं तिने सांगितलं. युद्धात तिचं अख्खं गाव जळालं होतं. लोक परतले तेव्हा तिचा बाप गवंडी म्हणून आणि ही विशीतली पोर त्याच्या हाताखाली, अशा दोघांनी गावातली घरं पुन्हा उभी केली. हे तिने भाकरी खाता खाता सांगितलं. माझं शाळेतलं इंग्रजी आणि तिचं तसंच, त्यामुळे आमचं बरं जमे.

तिचं हिंदी मात्र सगळं कामावरच्या मजुरांकडून आलेलं. आमच्या यांना ती "तुम" म्हणे. एकदा जेवायला उशीर झाला तर "जल्दी आ, माल ठंडा होता" अशी अंगणातून हाक मारली, आणि हे खरंच पळत आले. काही नीट झालं की ती म्हणे, "सूत में है." गवंडी दोरी लावून विटांचा रद्दा सरळ आहे का पाहतो, ते सूत. माझी आमटी सुतात असे, माझ्या पाच वर्षांच्या कुंदाची वेणी सुतात असे. पोळी वाकडी झाली तर तीही उचलून बघे आणि न बोलता खाऊन टाकी.

तिच्यासाठी आम्ही घरातली एकुलती एक खाट मोकळी केली होती. तिने खाटेवर पिशवी ठेवली आणि आपण कुंदाशेजारी सतरंजीवर झोपली. घोरायची जोरात. कुंदा तिला मावशी म्हणे, आणि मावशी घोरली नाही तर मला झोप येत नाही, असं सगळ्यांना सांगत फिरे. न्हाणीघरात पाणी वाया गेलेलं तिला खपत नसे. त्यावरून ती मला दोनदा बोलली आणि मीही तिला एकदा सुनावलं.

कामावर रहमत मिस्त्री म्हणून एक म्हातारा भोपाळी गवंडी होता. पहिल्या दिवशी तिने एकटीने कमरेएवढी भिंत उभी केली, सुरेख, एका रेषेत. पण विटा कोरड्याच लावल्या. त्यांच्याकडच्या थंडीत चालत असेल; इकडच्या हवेत कोरडी वीट चुन्यातलं पाणी पिऊन टाकते आणि जोड भुसभुशीत होतो. रहमत मिस्त्रीने संध्याकाळी ती भिंत शांतपणे उतरवली. दुसऱ्या दिवशी हिने विचारलं, का? त्याने दोन विटा हातात देऊन दाखवलं. त्या दिवसापासून सगळ्यांच्या आधी तासभर जाऊन ती हौदात विटा भिजत घाली. घरी येऊन मला म्हणाली, "वो मेरा उस्ताद." बापानंतर हा मान तिने दुसऱ्या कुणाला दिल्याचं मला माहीत नाही.

आता माझं सांगते. ती येऊन आठवडा झाला असेल. देशकरवहिनी नळावर मला म्हणाल्या, "काय हो, तुमची पाहुणी वस्तीतल्या बायकांबरोबर डोक्यावरून घमेली वाहते म्हणे? मजुरीच करायची तर आपल्या देशात काय कमी होती?" चार जणी ऐकत होत्या. मी घागर न उचलताच म्हटलं, "ती इंजिनिअर आहे. काम नीट चाललंय का बघायला उतरते मध्ये."

असं का म्हटलं, याचं उत्तर सोपं आहे. मला लाज वाटली. नागपूरला वाटली नसती कदाचित, इथे वाटली. दोन दिवसांत ते सगळ्या क्वार्टरांत पसरलं. ऑफिसात साहेबांनी यांना "तुमच्याकडच्या इंजिनिअरबाई" असं म्हटलं. हे घरी आले तेव्हा मला रागवायचं त्यांच्या मनात होतं, पण साहेबांनी बसायला खुर्ची दिली होती हेही त्यांनी सांगितलं, आणि मग राग तसाच राहिला. मला नळावर पुढे जागा मिळू लागली. मी ती घेत राहिले.

त्याच महिन्यात क्वार्टरांतल्या महिला मंडळाने बालवाडी काढायचं ठरवलं. बांधकामाच्या कंत्राटदाराने सोडून दिलेलं एक गोदाम मागे पडून होतं, ते मंडळाला मिळालं. तीस मुलांची नावं आली. त्यात कुंदाचंही होतं. एक-दोन आयांना त्या भिंतींची धास्ती वाटत होती. म्हणून साहेबांच्या बाईंनी, त्या मंडळाच्या अध्यक्ष, चिठ्ठी पाठवली. इंजिनिअरबाईंनी संध्याकाळी येऊन खोली पाहावी आणि मजबूत असल्याचं लिहून द्यावं. शनिवार होता, ती नुकतीच कामावरून आली होती. चिठ्ठी हिंदीत. तिने ती माझ्याकडे दिली.

मी ती जशी होती तशी वाचली. दुसरं काही सुचलं असतं तर कदाचित तसं केलं असतं. तिने विचारलं, इंजिनिअर कोण? मी सांगितलं. कधी म्हटलं, कुणाला म्हटलं, सगळं. ती हात पुसत उभी होती. पुसून झाले तरी पुसतच राहिली.

"मेरा बाप मिस्त्री," ती म्हणाली. "मैं मिस्त्री. इसमें तुम को क्या तकलीफ?"

तिने आवाज चढवला नाही. खोली बघायला येईन, मुलांचं काम आहे. पण उद्यापासून मी तंबूत राहते, एवढंच म्हणाली. आत जाऊन पिशवी भरायला घेतली. कुंदा दारात उभी राहून बघत होती. मावशी कुठे चालली, असं तिने मला विचारलं, आणि मी तिला अंगणातले कपडे काढायला सांगितलं.

पाच वाजता आम्ही दोघी गोदामावर गेलो. वीस-पंचवीस बायका जमल्या होत्या, साहेबांच्या बाईंसाठी खुर्ची ठेवली होती. हिने सवयीप्रमाणे आधी भिंतीला हात लावला. तीन भिंती झाल्या, चौथीशी बसली आणि केसातली पिन काढून विटांच्या जोडात फिरवली. पिठासारखा चुरा खाली आला. "इसमें बच्चा मत बिठाओ," ती उभी राहत म्हणाली. साहेबांच्या बाई हसून म्हणाल्या, वरून गिलावा करून घेऊ, तुम्ही फक्त लिहून द्या, इंजिनिअरचा शब्द असला की आयांची भीती जाईल.

"इंजिनिअर नहीं," ती म्हणाली. "मिस्त्री."

देशकरवहिनी माझ्याकडे बघत होत्या. साहेबांच्या बाईंनीही पाहिलं आणि मग पुन्हा हसल्या, पण आता वेगळं. मिस्त्रीच्या सांगण्यावरून का आपण बालवाडी थांबवायची, असं बाजूच्या बाईला म्हणाल्या. दोघी-तिघी हसल्या. दुसऱ्या कुणाला तरी दाखवू, असं कुणीतरी म्हटलं. म्हणजे माझ्या थापेमुळे तिचा खरा शब्दही खोटा ठरत होता, आणि त्या भिंतीखाली तीस मुलं बसणार होती.

"झूठ मैंने बोला था," मी म्हटलं. माझं हिंदी तेव्हा कच्चंच होतं. "इसने नहीं. दीवार का जो बोला, वो सच है. मेरी कुंदा का नाम काट दीजिए."

आणखी एकीने आपल्या मुलाचं नाव काढायला सांगितलं. मग दुसरीने. साहेबांच्या बाईंचा चेहरा उतरला. खुर्चीवरून उठत त्या म्हणाल्या, "तो बनवा लीजिए अपनी मिस्त्री से ही." हा टोमणा होता, सगळ्यांना कळलं. हिला कळला नाही. तिला वाटलं परवानगी मिळाली. तिने मान हलवून "ठीक" म्हटलं आणि पावलं टाकत भिंतीची लांबी मोजायला लागली.

घरी येताना देशकरवहिनी पुढे निघून गेल्या. ती माझ्याबरोबर चालत होती. क्वार्टरं दिसू लागल्यावर म्हणाली, उद्या रविवार, दवाखान्याचं काम बंद, रहमत उस्ताद येईल. छपराला टेकू द्यायचे, ती भिंत पायापर्यंत उतरवायची आणि चुन्यात नव्याने बांधायची. माल वाहायला पाच माणसं लागतील. तंबूतली चार आहेत. एवढं बोलून ती थांबली. घरी आल्यावर तिने खाटेवरची भरलेली पिशवी उघडली, आतून थापी काढली आणि पिशवी तशीच उघडी ठेवली.

ती आमच्याकडे चैत्रापर्यंत राहिली. दवाखाना झाला, बालवाडी झाली. गवंडीण हे नाव मी तिला उघडपणे दिलं आणि ते तिला आवडलं. पत्राखाली सही करताना ती तेच नाव लिही, रोमन अक्षरांत. पत्र वर्षाला एक येई. चार वर्षांपूर्वीचं तिच्या भावाच्या हातचं होतं, इंग्रजीत, पाच ओळींचं. छपराच्या कामावर असताना छातीत कळ आली आणि ती तिथेच गेली, असं त्याने लिहिलं होतं. मी ते कुंदाला वाचून दाखवलं. ती तेव्हा पहिल्या बाळंतपणाला आलेली होती. तिने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि बराच वेळ परत दिलं नाही.

पण त्या रविवारचं राहिलं. सकाळी चहा झाल्यावर मी यांना सांगितलं की आज भात तेवढा तुम्ही लावा. जुन्या धोतराची चुंबळ वळली, पदर कमरेला खोचला आणि पुढच्या दाराने निघाले. देशकरवहिनी रांगोळी काढत होत्या, त्यांनी वर पाहिलं. मी चुंबळ हातात न लपवता डोक्यावर ठेवली. गोदामाशी रहमत मिस्त्री विटा भरून देत होता. मला बघून त्याने माझ्या घमेल्यात तीनच विटा ठेवल्या आणि उचलायला हात दिला. मी म्हटलं, पूरा भरो.