नलूची लोखंडी कढई

निंदणाला बाया पाहिजेत म्हटलं, की बोरी अरबमध्ये माणूस आधी नलूच्या दाराशी येतो. टोळी तिची. कोणाचं तोंड चालतं आणि कोणाचा हात, हे तिला पुरतं ठाऊक. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, औषधांनी केस गेले, पुन्हा आले, आणि वेणी घालण्याइतके वाढले तशी ती परत वावरात पात धरून बसली.

एकच गोष्ट ती करेना, डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी. सुरुवातीला गेली. मग टोळीतल्या सुमनबाईचं बरं झालेलं हेच दुखणं कित्येक वर्षांनी उलटलं आणि एका उन्हाळ्यात सुमनबाई गेली. तेव्हापासून भावाने, मारोतीने, विषय काढला की नलूचं उत्तर ठरलेलं, "निजल्या सापाले कायले डिवचतं? शोधसान तं सापडन."

दिवाळीच्या सुट्टीत मारोतीची मोनाली पुण्याहून आली. तिथल्या एका प्रयोगशाळेत ती संशोधन करते. आत्या-भाची अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"तू करतं काय व तिथं?" नलूने विचारलं.

"उंदरांचे एमआरआय काढतो आम्ही."

"बापा! इथं माणसायचा नंबर लागत नाही, आन् तुम्ही उंदरं निजवता मशीनमंदी!"

मोनाली हसली. मग शेंगा खाली ठेवून सांगू लागली. "कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात आत्या, एकीच्या दोन, दोनाच्या चार. औषध मारते ते या धावणाऱ्यांना. पण काही पेशी लय सावकाश असतात, निजल्यासारख्या. त्या औषधातून सुटून जातात."

नलूचा हात थांबला. "तणनाशकावानी. उगवलं तेवढं जळते, मातीतलं बी राह्यते."

"तसंच. ते बी हुडकाले आम्ही पेशींना अगोदरच लोखंडाचे बारीक कण खाऊ घालतो. एका पेशीच्या दोन झाल्या, की त्या लोखंडाचीही वाटणी होते. आपलं आजोबांचं वावर कसं वाटत वाटत धुऱ्याएवढं उरलं? तसं. पण जिची वाटणीच झाली नाही..."

"तिचं वावर साबूत."

"साबूत. आणि एमआरआयच्या फोटोत ती काळा ठिपका होऊन दिसते."

तो काळा ठिपका नलूच्या मनात बसला. न दिसणाऱ्या सापाची तिला भीती होती, दिसणाऱ्याची कधीच नव्हती. वावरात साप निघाला तर बाया मागे सरायच्या आणि काठी घेऊन नलू पुढे व्हायची.

मोनाली पुण्याला गेली. नलूने माळ्यावरून आईची लोखंडी कढई काढली, राखेने घासघास घासली. वांगं तिच्यात, मेथी तिच्यात, झुणका तिच्यात. मारोती काळपट भाजीकडे पाहून तोंड वाकडं करायचा. "काहून व नलू, स्टीलचं भांडं फुटलं काय?" ती त्याच्या ताटात आणखी एक डाव वाढायची.

थंडीत मोनाली परत आली तेव्हा नलू आपणहून म्हणाली, "चाल, तपासणी करून येऊ." मारोतीच्या हातातली चहाची बशी तशीच राहिली.

यवतमाळच्या केंद्रात एमआरआयचं मशीन चालवणारा जीशान दाराशी उभा होता. बांगड्या, पिना, जोडवी, सगळं त्याने ट्रेमध्ये ठेवायला लावलं. मग नेहमीचा प्रश्न विचारला. "काकू, शरीरात लोखंड-बिखंड आहे का काही? प्लेट, स्क्रू?"

"हाय न!" नलू अभिमानाने म्हणाली. "भरपूर हाय."

जीशान दार अडवून उभा राहिला. "कधी बसवलं?"

"बसवलं नाही रे बाबू, दिवाळीपासून खाऊन राह्यली. सारा सैपाक लोखंडाच्या कढईत. आता निजलेली एखादी असन, तं काळी दिसन बराबर."

"दीदी," जीशानने मोनालीकडे पाहिलं, "काकू काय म्हणून राह्यल्या?"

मोनालीला आधी हसू फुटलं, मग तिचे डोळे भरले. ती आत्याला बाकावर घेऊन बसली आणि समजावू लागली. खाल्लेलं लोखंड रक्तात जातं. आम्ही ते काचेच्या बशीत, थेट पेशींनाच देतो, आणि मग त्या पेशी उंदरात सोडतो. सध्या फक्त उंदरातच. माणसातली निजलेली एकटी पेशी या मशीनला दिसत नाही.

"अजून नाही दिसत, आत्या. त्याच्यासाठीच तर आम्ही काम करून राह्यलो."

दार उघडं होतं, आत मशीन घरघरत होतं. नलूने ट्रेमधल्या बांगड्यांकडे हात नेला. मोनालीने तो धरला नाही.

"मंग आज काय दिसन?"

"गाठ धरली असेल तर दिसेल. लहान असतानाच दिसली, तर काढता येते."

नलू बांगड्यांवर बोटं ठेवून बसली. मातीतलं बी तिला तरी कधी दिसलं होतं? ते दिसत नाही म्हणूनच तर निंदलेल्या वावरात टोळी घेऊन पुन्हा जावं लागतं. कोंब लहान असला तर दोन बोटांत निघतो. वाढू दिला, की विळा लागतो.

तिने हात मागे घेतला आणि उठली. "सांग रे बाबू, कुठं निजू?"

रिपोर्ट चांगला आला. "सध्या काही नाही," डॉक्टर म्हणाले. 'सध्या' हा शब्द नलूने नीट ऐकला. खुर्चीवरून न उठता तिने विचारलं, "पुढच्या खेपेले कधी येऊ?"

पुण्याला निघायच्या दिवशी मोनालीने चुलीवरच्या कढईकडे पाहिलं. "आता ही माळ्यावर ठेवून देऊ?"

"कायले? वांगं खाऊन पाह्य अगोदर." नलूने तिच्या डब्यात दोन डाव जास्तच वाढलं. मग झाकण दाबून लावत म्हणाली, "आन् तुह्या उंदरायले सांगजो, नलूआत्यानं जय भीम सांगतला."