तारखेआधीचा ईस्टर

टीचर रोज संध्याकाळी भुर्जीपावच्या गाडीसमोर जाऊन उभ्या राहायच्या आणि एक घासही न खाता घरी परत यायच्या. हातात स्टीलचा डबा असायचा आणि त्यात गाडीवाल्या दादानं त्यांच्यासाठी बाजूला ठेवलेली अंड्यांची रिकामी टरफलं. त्या टरफलांसाठी त्यांनी त्या दादाला अंडं फोडायचं नव्यानं शिकवलं होतं. तव्याच्या कडेवर आपटून मधोमध फोडायचं नाही. टोकाशी चमचा मारून छोटं भोक पाडायचं आणि आतलं ओतून घ्यायचं. "गिऱ्हाईक खोळंबतं हो टीचर," तो कुरकुरायचा. "खोळंबू दे. भूक वाढली की भुर्जी चांगली लागते," असं त्या त्याला सांगायच्या. तो बिचारा रोज तीन-चार अंडी तरी तशी फोडायचाच.

त्या आमच्या समोरच्या दारात राहायच्या. कामोठ्यातली आमची बिल्डिंग पाच मजल्यांची, आम्ही तिसऱ्यावर. टीचर नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढलेल्या, मराठी ख्रिस्ती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली आणि एकुलती लेक शैला नाशिकला. तीस वर्षं बालवाडीत शिकवल्यामुळे समोरचा माणूस चार वर्षांचाच आहे अशा समजुतीनं त्या बोलायच्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी मध्ये बोलले तर "आधी हात वर करा, मग बोला" असं त्यांनी ऐकवलं होतं, आणि सेक्रेटरींनी खरंच हात वर केला होता. त्यांचं नाव बिल्डिंगमध्ये फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. दूधवाल्यापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांच्या त्या टीचर होत्या.

मी रबाळ्याला एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. घरी पोचायला उशीर व्हायचा, तेव्हा माझी लेक मनू तासभर टीचरांकडे बसायची. त्या तासात ती काय काय शिकून आली याची यादी नको. पण आमच्या घरी दर एप्रिलला चौदा तारखेच्या जयंतीची गडबड असते, त्यात टीचर निळ्या कागदाच्या पताका कापायला आपण होऊन यायच्या. मग त्यांच्या ईस्टरला मी जाणार नाही असं कसं होईल? बिल्डिंगमधल्या लहान पोरांसाठी त्या दरवर्षी ईस्टरच्या रविवारी पार्किंगमध्ये खेळ ठेवायच्या, आणि मी त्यांची हक्काची हमाल होते.

विकत काही आणायचं नाही असा त्यांचा हट्ट. टरफलं धुऊन, वाळवून ती हळदीत, बिटाच्या पाण्यात आणि कांद्याच्या सालीच्या काढ्यात रंगवायची. आत चणे-कुरमुरे भरायचे आणि भोकावर पतंगाचा कागद चिकटवायचा. चौथ्या मजल्यावरच्या शहांच्या घरी अंडं चालत नाही, म्हणून त्यांच्या जुळ्यांसाठी लांबट बटाटे शोधून तेही रंगवायचे. एका वर्षी ते बटाटे इतके देखणे झाले की बाकीची पोरं बटाट्यासाठी रडायला लागली. पुढच्या वर्षीपासून सगळ्यांना एकेक बटाटा मिळू लागला.

"जो खेळ आपण खेळलो नाही, तो पोरांना द्यायचा नाही," असा त्यांचा दंडक होता. त्यामुळे आधीच्या आठवड्यात तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये आमची तालीम चालायची. अडुसष्ट वर्षांच्या टीचर आणि पस्तिशीची मी, दोघी तोंडात चमचा धरून, चमच्यात बटाटा ठेवून, भिंतीपासून लिफ्टपर्यंत चालायचो. एकदा लिफ्टचं दार उघडलं आणि आतून हिराताई बाहेर आल्या. हिराताई तळमजल्यावरच्या, मूळ गावातल्या आगरी. बिल्डिंग त्यांच्या सासऱ्यांच्या प्लॉटवर उभी आहे. आमच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "काय गो, याड लागला का दोगींना?" माझा बटाटा पडला. टीचरांचा नाही पडला. त्यांनी तसंच लिफ्टपर्यंत येऊन शर्यत पुरी केली आणि मग हिराताईंनाही एक चमचा दिला.

त्यांच्या खेळात कोणी आउट व्हायचं नाही. "तीन वर्षांच्या पोराला आउट करू नये. त्याला ते कळत नाही, आणि कळलं तर जास्तच वाईट," असं त्या म्हणायच्या. खेळ कितीही रंगला तरी दहा मिनिटांच्या आत थांबवायच्या. दूध उतू जायच्या आधी गॅस बंद करावा तसं. अंडी शोधायच्या खेळातही प्रत्येक अंड्यावर एका पोराचं नाव असायचं आणि ते त्याच्या उंचीला दिसेल अशा जागी लपवलेलं असायचं. दुसऱ्याचं सापडलं तर झाकून ठेवायचं आणि गुपचूप पुढं जायचं. पाच वर्षांच्या पोरानं गुपित पोटात ठेवायचं म्हणजे किती कठीण! पोरांचे फुगलेले गाल बघूनच मी हसायची. शेवटचा खेळ ईस्टरच्या सशाचा: डोळे बांधून भिंतीवरच्या बिनशेपटीच्या सशाला कापसाची शेपूट लावायची, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांवर रुमाल बांधून "दिसतंय का?" हे टीचर स्वतः विचारायच्या.

टरफलं जमवायला त्या राखेच्या बुधवारी सुरुवात करायच्या. तिथून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस त्यांचा उपासाचा काळ असायचा. अंडं, मांस, गोड, सगळं बंद. चर्चमध्ये त्या दिवसांत आनंदाची गाणीसुद्धा म्हणत नाहीत, असं त्यांनी एकदा सांगितलं होतं. मी त्यांना चिडवायची, "टीचर, स्वतः खायचं नाही आणि गाडीवर जाऊन वास घ्यायचा, हा कसला उपास?" "हाच खरा उपास," त्या म्हणायच्या. मी हसून सोडून द्यायची. त्या काळाचा अर्थ विचारावा असं मला कधी सुचलं नाही. शेजारणीचा सण आपल्याला माहीत आहे असं वाटायला एक केकचा तुकडा पुरतो, माझं तसंच झालं होतं.

मग त्या आजारी पडल्या. जानेवारीत पोट दुखतं म्हणून तपासायला गेल्या आणि फेब्रुवारीत बिछान्याला लागल्या. शैला नाशिकहून येऊन राहिली. एक दिवस तिनं मला जिन्यात गाठलं आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. आजार पसरला होता. एप्रिल उजाडला तरी खूप होतं. "आईला यातलं काही माहीत नाही, वंदनाताई. तिला वाटतंय औषधानं उतार पडतोय. तुम्ही बोलू नका," असं ती म्हणाली आणि रडली. मी नाही बोलणार असं तिला वचन दिलं. तेव्हा मला ते सोपं वाटलं होतं.

पण टीचरांच्या समोर बसलं की जीव जायचा. त्या वर्षी ईस्टर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात होता. उशीला टेकून त्या बोटांवर आठवडे मोजायच्या आणि खूश व्हायच्या. "यंदा ईस्टर उशिरा आहे, बरं झालं. तोवर मी उभी राहते. खुर्ची टाकून बसेन हवं तर, पण खाली येणार." टरफलं आणायला त्यांनी मला पाठवलं होतं, आणि मीही रोज डबा घेऊन जात होते. त्यांना ईस्टर बघायचा होता, आणि तो त्यांना दिसणार नाही हे मला माहीत होतं.

हे मी हिराताईंना सांगितलं. पोटात मावत नव्हतं म्हणून सांगितलं. हिराताई म्हणाल्या, "वंदना, यो ईस्टर काय चालत येनार हाय? आपुन आनला का आला. तारीख आपले हातान हाय. येत्या रविवारी करू. म्हातारीला बगू दे."

मला ते इतकं पटलं! आपण नाही का, ऐन तारखेला सुट्टी नसली की वाढदिवस आधीच्या रविवारी उरकतो? आमच्या जयंतीची मिरवणूकसुद्धा वस्तीवस्तीनं पुढंमागं निघते. मी उत्साहानं कामाला लागले. होती नव्हती ती टरफलं रंगवली, बटाटे रंगवले, पार्किंगमध्ये पताका लावल्या. शैला उपासाबद्दल काहीतरी बोलली होती, पण तीही थकली होती; आईला आनंद होईल, या माझ्या शब्दावर तिनं मान हलवली. ईस्टरला अजून पाच आठवडे होते.

त्या रविवारी आम्ही टीचरांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून लिफ्टनं खाली आणलं. काय आहे ते सांगितलं नव्हतं. लिफ्टचं दार उघडताच वीसेक पोरं एका आवाजात ओरडली, "हॅपी ईस्टर, टीचर!"

टीचर हसल्या नाहीत. त्यांनी पताकांकडे पाहिलं, अंड्यांच्या टोपलीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर जे होतं ते त्यांनी वाचलं. तीस वर्षं पोरांचे चेहरे वाचलेली बाई ती. माझी चूक मला त्याच क्षणी कळली. ज्या माणसाला आपण पुढच्या महिन्याचा सण आज आणून देतो, त्याला आपण काय सांगत असतो?

पोरं वाट बघत होती. टीचरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि बालवाडीतल्या आवाजात म्हणाल्या, "शाब्बास! आज आपली तालीम. खरा ईस्टर एप्रिलमध्ये. तालीम नीट झाली, तरच खरा नीट होणार. चला, चमचे घ्या." पोरांना काय, तालीम तर तालीम. तासभर टीचरांनी बसल्या जागेवरून सगळे खेळ घेतले. कोणाला आउट केलं नाही. हिराताईंनी केक पुढं केला तो त्यांनी हळूच बाजूला सारला. "मला आत्ता चालत नाही, हिराताई. पोरांना द्या."

वर आणून निजवल्यावर त्यांनी शैलाला चहा करायला पाठवलं आणि मला जवळ बसवलं. "ईस्टर पुढंमागं करता येत नाही गं," त्या म्हणाल्या. "आधी येशूच्या मरणाचा शुक्रवार यावा लागतो. ते मरण झाल्याशिवाय उठणं कसलं? तुला हे माहीत नव्हतं, त्याचं काही नाही. पण घाई कशाची झाली, ते सांग. डॉक्टर किती म्हणाले?"

मी "तसं काही नाही" म्हणाले. त्यांनी माझा हात नुसता धरून ठेवला. मग मी सांगितलं. शैलाला दिलेलं वचन मोडून, रडत, सगळं सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. "जाताना दार ओढून घे."

दोन दिवस त्यांनी मला आत घेतलं नाही. दारात जायची आणि शैला "झोपलीय" म्हणायची. टीचर झोपलेल्या नाहीत हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्या दोन दिवसांसारखे दिवस वैऱ्यावरही येऊ नयेत. मनूला जेवायला वाढताना, कारखान्यात पाकिटं मोजताना, मला एकच दिसायचं: एक म्हातारी बोटांवर आठवडे मोजून सुखात होती, आणि मी पताका लावून तिचं ते सुख काढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. चेहरा अर्धा झाला होता.

"तुझा राग आला होता," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग काय! धरून ठेवायला वेळ कुठाय? तूच तर सांगितलंस."

आणि त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

पुढचे तीन आठवडे त्यांनी भरगच्च वापरले, हे खरं. शैलाला समोर बसवून सगळं बोलून घेतलं. फादरांना घरी बोलावलं. बालवाडीतल्या दोन जुन्या मैत्रिणींना भेटायला बोलावलं आणि त्यांना कशासाठी बोलावलंय तेही सांगितलं. शैला पुढं म्हणाली, "बरं झालं तुमच्याकडून कळलं, मला कधीच जमलं नसतं." लोक असं बोलतात ते प्रेमानं. मी ते ऐकून घेते. पण लिफ्टचं दार उघडल्यावरचा तो चेहरा मी पाहिला होता, शैला मागं होती.

टीचर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेल्या. ईस्टरच्या आदल्या आठवड्यातला झावळ्यांचा रविवारही त्यांना मिळाला नाही. दफनाला सगळी बिल्डिंग गेली. भुर्जीवाल्या दादानं त्या संध्याकाळी गाडी लावली नाही. मी पताका, डबे, चमचे सगळं माळ्यावर टाकलं आणि यापुढं या बिल्डिंगमध्ये माझ्या हातून कुठला सण होणार नाही, असं मनाशी ठरवलं.

ईस्टरच्या रविवारी सकाळी मी भाजी निवडत बसले होते. खालून गलका ऐकू आला. गॅलरीतून वाकून पाहिलं, तर पार्किंगमध्ये पोरं जमलेली. आंघोळी करून, नवे कपडे घालून, शहांची जुळीसुद्धा. कोणी बोलावलं नव्हतं. मनू धावत वर आली. "आई, चल ना! आज खरा आहे. टीचर म्हणाल्या होत्या." मी तिला म्हटलं, टीचर नाहीत ना आता. "हो, पण ईस्टर आहे," ती म्हणाली.

घरात रंगवलेलं एकही अंडं नव्हतं. मी खडूचा तुकडा घेऊन खाली गेले आणि पार्किंगच्या भिंतीवर बिनशेपटीचा ससा काढला. कापसाची शेपूट बनवली. पोरांनी आपण होऊन रांग लावली. सगळ्यात पुढं तळमजल्यावरचा हिराताईंचा नातू होता, जेमतेम तीन वर्षांचा. मी गुडघ्यांवर बसले, माझा रुमाल त्याच्या डोळ्यांवर बांधला, दिसतंय का विचारलं. तो नाही म्हणाला.

तेव्हा कुठं मी रडले.