दुसरा जर्मन कॅमेरा

आमच्या घरात एकामागून एक तीन जर्मन कॅमेरे आले. तिन्ही एकाच घराण्यातले. थोरला, मधला आणि धाकटा. आमच्या ह्यांचा मालवणच्या बाजारात छोटा फोटो स्टुडिओ होता, आणि गिऱ्हाईक असो नसो, कॅमेऱ्यांची वंशावळ सांगायला ह्यांचं तोंड कायम उघडं. मी मागच्या खोलीत फोटो धुवायचे. औषधाच्या वासात उभं राहून पाय भरून यायचे, पण त्या बडबडीपेक्षा तो अंधार परवडला.

थोरला लढाईच्या आधीचा, ह्यांच्या मामांनी मुंबईहून आगबोटीने आणलेला. झाकण उघडलं की पेटीच्या भात्यासारखा काळा भाता बाहेर यायचा, त्याच्या टोकाला भिंग. पाठीमागे लाल काचेची एवढीशी खिडकी. तिच्यात पुढचा आकडा दिसेपर्यंत चावी फिरवली की रोल सरकायचा. फिरवायला विसरलात तर कॅमेऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही, एका फोटोवर दुसरा खुशाल बसायचा. असेच एका दुकानदाराला चार हात आले. ह्यांचं तोंड एवढंसं झालं, पण तो माणूस भलताच खूश. म्हणाला, "देवाक चार हात आसतत, माका आसले तर काय बिघाडला?" आणि फ्रेम करून गल्ल्याच्या वर टांगला.

ह्यांच्या मनाला मात्र ते लागलं. म्हणून पुढे पन्नासच्या दशकात मधला आला. भाता तोच, लाल खिडकी तीच. पण फोटो काढायचं बटण भिंगाजवळून उचलून माथ्यावर आणलेलं, आणि त्याच्या शेजारी एक बारीक भोक. रोल सरकवला की त्या भोकात लाल ठिपका यायचा. ठिपका नसेल तर बटण दाबूनही खटका पडायचा नाही, म्हणजे फोटोवर फोटो बसण्याची बातच नको. "ह्यो आता चूक करूकच देवचो नाय," हे आपल्या आईला म्हणाले.

"मगे तुजी गरज काय रे?" सासूबाई म्हणाल्या. त्यांची जीभ अशीच होती.

ह्यांची एक जुनी सवय होती. रोल आधीपासून सरकवून ठेवायचे नाहीत. माणूस समोर बसला, भाता उघडला, की ऐन वेळी सरकवायचे. थोरल्या कॅमेऱ्यावर हात बसलेला, तो काय बदलतो?

आमची मुलगी तेव्हा वर्षाची होत आली होती. फोटोवाल्याच्या घरची पोर, आणि तिचा एकही फोटो नाही. सासूबाईंचा दंडकच होता: जावळ निघेपर्यंत पोराचा फोटो काढायचा नाही, आयुष्य कमी होतं. मी एकदा बोलून पाहिलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलणं बंद. राग यायचा मला. पण त्यांनी स्वतःची दोन मुलं घालवली होती, त्यांच्यापुढे कोण काय बोलणार!

जावळाच्या दिवशी अंगणात ही गर्दी. माझ्या भावाच्या मांडीवर बसून पोरीने केस काढून घेतले आणि असा काही गळा काढला की खाली किनाऱ्यावरच्या गाबितवाड्यापर्यंत ऐकू जावं. तुळतुळीत डोकं, त्यावर गंध, गालाला काजळाची तीट. हे स्टुडिओतली खुर्ची घेऊन आलेले. ती अंगणात ठेवली आणि कॅमेरा समोर तिकाटण्यावर बसवला. पहिला मान आईचा, म्हणून आधी सासूबाई बसल्या, त्यांचा फोटो झाला. हे म्हणाले, "आये, तशीच बस. पोराक मांडयेर घे, दोघांचो काडतंय."

सासूबाई उठूनच उभ्या राहिल्या. "नको रे. माज्या कपाळार कुकू नाय. शुभकार्यात पोराक माज्या मांडयेर नको."

"काय तरीच काय, आये!" हे म्हणाले. पण त्या बसल्या नाहीत. मग त्याच खुर्चीत उशी ठेवून पोरीला बसवलं. मी पाठीमागे वाकून तिचं झबलं धरलं. "एकच काड हां, दिष्ट लागतली," सासूबाई बजावत होत्या, बायका हसत होत्या, पोरगी ओठ काढायला लागली होती. "बेगीन काड!" कोणीतरी ओरडलं. ह्यांनी बटण दाबलं. "झालो!"

महिनाही गेला नाही, तिला ताप भरला. डॉक्टर आले, अंगारा झाला, सगळं झालं. मला त्या दिवसांतलं फारसं आठवत नाही. लहान पोराचं दिवसकार्य नसतं. तिला पुरून पुरुष घरी आले, मी पेज वाढली, सगळे जेवले. मीही जेवले.

रोल कॅमेऱ्यातच होता, संपला नव्हता. एके दिवशी ह्यांनी उरलेले फोटो अंगणातल्या माडाचे काढून तो संपवला आणि आम्ही दोघांनी मागच्या खोलीत धुतला. फिल्म उजेडाकडे धरली. हजामाची पेटी, माझा भाऊ, खुर्चीत बसलेल्या सासूबाई आणि त्यांना लागून लगेच माड. मध्ये एक घर कोरं असतं तरी म्हटलं असतं, इथे होती. तेवढंही नाही. गडबडीत रोल सरकवायचा राहिला होता. मधल्याने आपलं काम चोख केलं होतं, खटका पडू दिला नव्हता.

मी रडले नाही. फिल्म दोरीला अडकवली, हात धुतले, भात टाकला. कितीतरी महिने मी अशीच होते. मासा विळीवर घ्यावा तशी, मनात काही न आणता, रोज उठून कामं उरकत.

हे ओसरीवर बसून होते. कोणाकडेही न बघता म्हणाले, "थोरलो आसतो, तर ती आयेच्या मांडयेर येती."

खुर्ची तीच. जागा तीच. सासूबाई दाराआड होत्या. त्यांनी ऐकलं.

साठनंतर धाकटा आला. त्याला उजेड मोजणारा काटा होता. ह्यांनी आईचा फोटो नव्याने काढायचं पुष्कळदा म्हटलं. सासूबाई कधी खुर्चीत बसल्या नाहीत. त्या गेल्या तेव्हा हार घालायला फोटो एकच, जावळाच्या दिवसाचा. फ्रेमवाला म्हणाला, "तोंडापुरतो कापतंय, बरो दिसतलो."

"हात लावशील तर बघ!" मी ओरडले. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. "मांडीसकट पाहिजे. पुरा."

त्याने पुरा बसवून दिला. अजून ओसरीवर टांगलेला आहे. फोटोत सासूबाईंनी दोन्ही हात बाजूला ठेवलेत, मांडी मोकळी. सकाळी काच पुसताना मी तिथे जरा जास्त वेळ पुसते.