जंतूंच्या पिशव्या

त्र्याण्णवच्या भूकंपात औसा तालुक्यातलं घर पडलं, तेव्हा जया पाच वर्षांची होती. तिची पहिली-दुसरी पत्र्याच्या शेडात झाली. पोरगी हुशार निघाली, म्हणून वडिलांनी, गुरुपादप्पांनी, तिला लातूरला क्लासला घातलं. दोन वर्षं तिनं प्रश्नसंचांचा फडशा पाडला आणि मेडिकल तीन मार्कांनी हुकलं. घरी चार दिवस कुणी धड जेवलं नाही. पाचव्या दिवशी ती नांदेडला जाऊन सूक्ष्मजीवशास्त्राला प्रवेश घेऊन आली.

तिथं ती रमली. पंचविशीत चंद्रप्रभा मॅडमच्या हाताखाली संशोधन करू लागली. अर्धापूरच्या केळीच्या मुळांशी एक जिवाणू सापडला होता. तो अंगावरून अतिसूक्ष्म पिशव्या सोडायचा. त्या स्वच्छ वेगळ्या काढून केळीच्या रोपांवर वापरून बघायच्या, हे जयाचं काम.

"जंतू म्हंजी रोगच की गं माय," अप्पा फोनवर म्हणाले.

"समदेच न्हाईत अप्पा. हे भले हायेत."

"मग पिशवीत काय भरून ठेवलंय त्यांनी?"

"तेच बघायलेय."

जिवाणू यीस्टच्या अर्काच्या रसात वाढवायचे, सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवून तळाशी बसवायचे, वरचा रस गाळून पुन्हा कितीतरी जोरात फिरवायचा. शेवटी तळाला पिवळसर ठिपका उरतो. तो पाण्यात कालवून रोपांना दिला, तर मुळं अशी सुटली की मॅडमनी लगेच परिषदेला निबंधाचा गोषवारा पाठवला.

जयाला मात्र त्या पिवळेपणाचा संशय आला; रसही तसाच पिवळा होता. तिनं जिवाणू न घालता नुसता रसच त्याच रीतीनं फिरवून पाहिला. त्यातही फिकट ठिपका आला, आणि त्यावरही मुळं वाढली.

दोन दिवस ती मॅडमना टाळत राहिली. मग वही घेऊन समोर उभी राहिली. "मॅडम, आपण पिशव्यांबरोबर रसातली प्रथिनंपण देत होतो."

मॅडमनी वही दोनदा वाचली. "गोषवारा मागं घेते," त्या म्हणाल्या. "आता हे निस्तरायचं कसं, ते सांग."

जयानं काचेच्या उभ्या नळीत बारीक छिद्रांचे मणी भरले आणि वरून ठिपका कालवलेलं पाणी सोडलं. छिद्रांत न मावणाऱ्या पिशव्या सरळ खाली येतात. छोटी प्रथिनं छिद्रांत रेंगाळतात. खाली पडणारा थेंब न् थेंब तिनं ओळीनं वीस छोट्या नळ्यांत गोळा केला. सातवी ते नववी, एवढ्याच नळ्यांत पिशव्या निघाल्या. त्यांनी मुळं वाढली, पण पहिल्याच्या निम्मीच. नुसता रस त्याच रीतीनं मण्यांतून सोडला, तेव्हा त्याच क्रमांकाच्या नळ्यांनी काहीच केलं नाही. निम्मी वाढ खरी होती. जया त्या दिवशी दुपारीच खोलीवर जाऊन गाढ झोपली.

पुढच्या वर्षी परिषदेत तिनं सुरुवातच फसलेल्या प्रयोगानं केली. ऐकणाऱ्यांत हैदराबादच्या एका लसकंपनीचे लोक होते. लशीत वापरायला त्यांनाही जिवाणूंच्या पिशव्या शुद्ध करणारं माणूस हवंच होतं. प्रबंध संपताच ती तिकडं रुजू झाली.

औशाच्या स्टँडवर कुणी विचारलं, की गुरुपादप्पा सांगतात, "डॉक्टर झाली न्हाई. जंतूंच्या पिशव्या धुती. लई बारीक काम हाय."