दारातला मांडव आणि उपविधी समिती

आमच्या नगरपालिकेत किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. खुर्चीत नुसतं बसून राहायचं, ते आपोआप टेबलावर येऊन पडतात. मी सभा विभागात कारकून. समिती बसली की कोपऱ्यात बसून कोण काय बोललं ते लिहून घेतो. जे लिहिता येत नाही, ते असं तुम्हाला सांगतो. गाव नांदेड-लातूर रस्त्यावरचं. नाव घेत नाही, मला अजून नोकरी करायचीय.

तर आमच्या सुमनताई. नगरसेविका झाल्या आणि पहिल्याच सभेत त्यांनी एकच विषय मांडला. रस्त्यात मांडव घालायचा तर अर्धा रस्ता मोकळा सोडायचा, असा उपविधी करा. कारण सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांचे मालक माधवराव यांना अर्धांगवायूचा झटका आला, नांदेडला न्यायला अँब्युलन्स आली, आणि गल्लीच्या तोंडाशी लग्नाचा मांडव! पंगत उठेपर्यंत गाडी तिथंच उभी. माणूस वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं तुटलं. आता एखादा शब्द निघतो, तोही लई कष्टानं.

"डॉक्टर म्हणले, थोडं आधी आणायला पायजे होतं," एवढंच ताई बोलल्या आणि खाली बसल्या. काय करावं ते कळलं नाही की आमच्याकडं समिती नेमतात. तशी ती नेमली.

*

समितीचे सभापती बालाजीराव. माणूस गोड, कुणालाच नाही म्हणत नाही, तिथंच सगळी गोची.

पहिल्या बैठकीला कळलं की एक माजी नगरसेवक वारले. आमच्यात रिवाज असा की दुखवट्याचा ठराव झाला की सभा तहकूब. सगळे उभे राहिले, मग चहा झाला, मग घरी. पुढच्या बैठकीला आणखी एक माजी नगरसेवक गेले. त्याच्या पुढच्या बैठकीला मात्र कुणीच गेलेलं नव्हतं. आता काम करावं लागतंय की काय, म्हणून सगळे अस्वस्थ.

तेवढ्यात एक सदस्य म्हणाले, माझे साडू वारले किनवटला, आज सकाळीच. ते नगरसेवक होते का, असं बालाजीरावांनी विचारलं.

"न्हाई. पण एकदा निवडणूक लढून पडले होते."

झालं! सभा तहकूब.

*

शेवटी एकदाचा मसुदा वाचायला घेतला. एक सदस्य म्हणाले, लग्नाला सूट पाहिजे. दुसरे म्हणाले, मग तेरवीला का नको? पाठोपाठ जयंती आली, गणपती आले, उरूस आला, पुढाऱ्यांचे वाढदिवस आले. बालाजीराव प्रत्येकाला "घ्या, घ्या" म्हणून राहिले होते आणि मी लिहून राहिलो होतो.

मग त्यांनी मला विचारलं, आता बंदी नेमकी कशावर राहिली? मी म्हणालो, साहेब, फक्त विनाकारण घातलेल्या मांडवावर.

"त्याच्यावर मात्र कडक कारवाई करा," बालाजीराव म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. सुमनताई हसल्या नाहीत. त्या मला म्हणाल्या, "दादा, खाली हे बी लिहा. ज्या दिवशी सूट हाय, त्या दिवशी कुणी झटका येऊ द्यायचा न्हाई." मला लई वाईट वाटलं.

*

मग लातूरला अभ्यासदौरा निघाला. तिथं हा प्रश्न कसा सोडवतात ते बघायचं होतं. क्लासेसच्या पोरांची गर्दी चुकवायला ड्रायव्हरनं गाडी एका गल्लीत घातली, तर समोर लग्नाचा मांडव! मागं ऑटो लागलेले, पुढं वाढपी. हॉर्न ऐकून वधूपिता धावत आला. खादीचे कपडे बघून त्याला वाटलं, पुढारी लग्नालाच आलेत. त्यानं हाताला धरून समितीला पंगतीत बसवलं.

सुमनताई गाडीतून उतरल्या नाहीत. पंगत उठेपर्यंत काच वर करून बसून राहिल्या.

बालाजीरावांनी परतीच्या वाटेवर मला अहवाल सांगितला. लातूरची परिस्थिती समाधानकारक आहे, असं लिहा म्हणाले.

*

मग लोकांच्या हरकती ऐकायच्या होत्या. आले फक्त रज्जाकभाई मंडपवाले. माणूस सरळ. ते म्हणाले, मांडव अर्धा लावायला मी तयार हाय साहब, पण गिऱ्हाइकाला पाव्हणे अर्धे बोलवा म्हणून कोण सांगणार? यावर समितीनं पुढच्या बैठकीत विचार करायचं ठरवलं.

*

मसुदा तसाच समितीत पडून होता आणि सुमनताईंच्या पोरीचं लग्न निघालं. सगळं गाव टपून बसलं. आता बघू, बाई काय करतात! भावकी म्हणाली, दारात मांडव पडलाच पाहिजे. ताई म्हणाल्या, पडंल, पण अर्ध्या रस्त्यात.

रज्जाकभाईंनी तसाच अरुंद मांडव घातला. पाव्हणे चेंगरून बसले आणि पंगतीवर पंगती उठवाव्या लागल्या. त्यावरून सोयरे तोंडावर बोलले. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मोकळ्या बाजूला माधवराव खुर्ची टाकून बसले होते, डोक्याला नवा फेटा, आणि डाव्या हातानं गाड्या पुढं सोडत होते. मंगलाष्टकं सुरू झाली तरी तिथून हलले नाहीत.

बालाजीराव उशिरा आले. त्यांनी गाडी नेमकी त्या मोकळ्या अर्ध्यात लावली आणि अक्षता घेतल्या. माधवरावांनी हात वर केला. "दोनच मिनटं, माधवराव," असं म्हणून ते आत आले.

माधवरावांचा चेहरा लाल झाला. ओठ हलायला लागले, पण आवाज निघंना. पोरीपाशी उभ्या असलेल्या ताईंचं तिकडं लक्ष गेलं. मग सगळ्यांचंच गेलं. भटजी मध्येच थांबले.

"गाडी... काढा."

बालाजीराव अक्षता खिशात टाकून बाहेर गेले आणि गाडी पार चौकात नेऊन लावली. चालत परत आले तोवर लग्न लागून गेलं होतं. त्यांनी खिशातल्या अक्षता काढल्या आणि माधवरावांच्या फेट्यावर टाकल्या.

माधवरावांचं लक्ष नव्हतं. ते एका ऑटोला पुढं घेत होते.