पाणी पाहणारी

फोन जळगावहून आला. माझी मुलगी वृषाली "आई, मावशी गेली" एवढंच म्हणाली आणि रडत सुटली. धुळ्याच्या घरात मी रिसीव्हर कानाला धरून उभी. धाकटी सख्खी बहीण काविळीने गेली होती, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की ही पोर माझ्यासाठी एवढी रडेल का... सुमनच्या बाबतीत माझं आयुष्यभर असंच होतं. आता महिना झाला, तरी फारसा फरक नाही.

आम्ही चाळीसगावजवळच्या खेड्यातल्या. मी बी.एस्सी., बी.एड. करून शाळेत लागले. सुमन भौतिकशास्त्रात पुढे जात राहिली आणि पुण्याला संशोधन करून जळगावच्या कॉलेजात आली. शांत वाहणारं पाणी एकाएकी खवळतं, भोवरे धरतं, ते नेमकं कधी आणि का, हा तिचा विषय. आबा, आमचे वडील, गावभर सांगत, "आमची सुमी पाण्याचं शिकते." माझ्या बी.एड.बद्दल त्यांनी कोणाला काही सांगितल्याचं मला आठवत नाही. ती कोरडी वर्षं होती. दिवाळीला सुमन आली, की लोक नारळ घेऊन ओट्यावर हजर. शेजारचे नाना म्हणाले, "ताई, पानी कथं लागी?" विहीर कुठे खणायची, हे त्यांना तिच्याकडून कळायला हवं होतं; आबांच्या सांगण्यावरून त्यांनी हिला पाणाड्याच ठरवलं होतं. मला वाटलं, आता हिची फजिती. सुमनने नारळ परत केला. "नाना, जमिनीखालचं मला काही कळत नाही. वरचंच अजून कळलेलं नाही." नाना खूश. खोटं बोलत नाही म्हणून हिचा मान उलट वाढला. मी वर्गात 'मला कळत नाही' म्हटलं असतं तर...

पिंप्राळ्यातल्या तिच्या घरी पुढच्या खोलीत सोफ्याच्या जागी काचेची लांब नळी आणि पंप. विहिरीत टाकतात ते जांभळं औषध ती त्या पाण्यात बारीक धारेने सोडायची. रेघ सरळ जायची, मग थरथरायची, मग फाटायची. वृषाली अकरावीला तिच्याकडे राहायला गेली आणि त्या रेघेपाशी जी बसली ती उठलीच नाही. मला तिला डॉक्टर करायचं होतं. तिने भौतिकशास्त्र घ्यायचं ठरवलं हे कळताच मी एस.टी.ने जळगाव गाठलं.

"वीस वर्षं पाणी बघतेस," मी सुमनला म्हटलं. "निघालं काय त्यातून?"

"आधी वाटत होतं तसं ते नाही, एवढं निघालं, अक्का."

"आणि एवढ्यासाठी माझी पोर?"

सुमन रागावली नाही, तेही मला लागलं. "ती येत असेल तर आजच ने," ती म्हणाली.

वृषाली दारातच उभी होती. आली नाही. परतीच्या गाडीत शेजारची जागा रिकामी होती, तिथे मी पिशवी ठेवली.

सध्या वृषाली धुळ्याला आली आहे. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं. परवा आलं तेव्हा हंडे तसेच, आणि ही नळाची चावी इंचाइंचाने फिरवत उभी. धार आधी काचेच्या कांडीसारखी, मग जरा जास्त सोडली की खरबरीत, पांढरी. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. सुमन इथे आली की हेच करायची आणि मी येऊन नळ बंद करायचे.

या वेळी मी खाली बादली सरकवली आणि म्हटलं, "दाखव मला. कुठे मोडते धार?"

तिने माझा हात चावीवर ठेवला. मी हळूहळू फिरवली. धार मोडलेली दिसली, मोडताना दिसली नाही. पुन्हा फिरवली. तेच.

"मावशीलाही ते नेमकं कधी सापडलं नाही," वृषाली म्हणाली.

ऐकून मला, खरं सांगते, बरं वाटलं. मी बादली बदलली आणि नळ पुन्हा हळूच सोडला.